खान्देशात राहून सामाजिक शास्त्रांत पीएच.डी. : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेटची (पीएच.डी. प्रवेश परीक्षेची) जाहिरात आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. विचारणारे बहुतेक एम.ए. झालेले. कुणी तासिका तत्त्वावर शिकवतं, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे, कुणी ताई मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तकांकडे वळलेल्या. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नियमांचे आकडे प्रामुख्याने यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर 2022च्या पीएच.डी. विनियमांतले आहेत. मतं मात्र आमची, आणि ती सगळ्या गाईडना पटतील असं नाही.

प्रवेशाला काय लागतं?

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि 55 टक्के गुण. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 5 टक्क्यांची सूट. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना थेट अर्ज करता येतो, पण त्यांना 75 टक्के लागतात. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. अंतिम यादीत लेखी परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन.

नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. जून 2024पासून तिच्या गुणांवरही पीएच.डी.ला प्रवेश देता येतो. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसेल तर हे गुण एक वर्षापुरतेच चालतात, त्यामुळे निकाल हातात घेऊन बसून राहू नका. एम.फिल. बंद झालं आहे. ‘आधी एम.फिल. करू, मग बघू’ हा मार्ग आता नाही.

आपलं विद्यापीठ नेमकं कुठपर्यंत?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे आहेत. 1990 साली पुणे विद्यापीठातून ते वेगळं झालं, आणि बहिणाबाईंचं नाव 2018मध्ये लागलं. मालेगाव, सटाणा या भागात अहिराणी घराघरांत बोलली जाते, पण ती महाविद्यालयं पुण्याकडे. त्याने अभ्यासात काही अडत नाही. बोलीचा, सणांचा किंवा बाजारपेठेचा विषय असेल तर जिल्ह्याची हद्द आली म्हणून थांबू नका. तिकडे मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर आणि नंदुरबारला लागून असलेला गुजरातही विषयात येऊ द्या.

किती वर्षं लागतात?

कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन, पण सगळं मिळून दहा वर्षांच्या आत. स्त्रियांना पूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. ती हक्काची आहे, अर्ज करताना संकोच नको. सुरुवातीला किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिट) कोर्सवर्क असतो.

नोकरी करून अर्धवेळही करता येते, मात्र संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. ते पत्र आधी हातात घ्या. प्रवेश मिळाल्यावर संस्थाचालकांच्या केबिनबाहेर बसण्यात कित्येकांचं पहिलं सत्र गेलेलं आहे.

विषय कसा निवडायचा? सर म्हणाले, ‘काहीतरी सोपं घ्या’.

सोपं म्हणजे बहुधा असं: ‘जळगाव जिल्ह्यातील महिला बचत गटांचे आर्थिक योगदान : एक चिकित्सक अभ्यास’. यातलं जळगाव काढून सोलापूर घातलं तरी प्रबंधातलं एकही वाक्य बदलत नाही. आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. प्रश्न दुसरीकडून तयार होऊन येतो आणि त्यावर आपल्या जिल्ह्याचं नाव चिकटवलं जातं. विषय ठरवताना एकच कसोटी लावा. हा प्रश्न इथे राहणाऱ्या माणसालाच पडेल असा आहे का?

तसे प्रश्न पायाखाली पडलेले आहेत. 1852 साली इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकरी उठले. मोजणीला विरोध नेमका कुणाचा होता, मोठ्या पाटील-देशमुखांचा की लहान कुळांचा, आणि त्या गावांच्या धाऱ्यात (शेतसाऱ्यात) पुढे काय बदललं? यावर एक प्रबंध सहज उभा राहील.

दुसरा विषय जनगणनेतला. 2001मध्ये मातृभाषा ‘खान्देशी’ गटात (अहिराणी यातच मोजतात) सांगणारे सुमारे 20.7 लाख होते, 2011मध्ये ते सुमारे 18.6 लाख झाले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि भाषिक घटले. बोलणारे खरंच कमी झाले, की प्रगणकाला लोकांनी ‘मराठी’ सांगितलं? अमळनेरच्या एका गल्लीत पन्नास घरं फिरून आजी, सून आणि नातू कुणाशी कोणत्या भाषेत बोलतात हे नीट टिपलं, तर या आकड्याचा अर्थ कळायला सुरुवात होईल.

तिसरा शहाद्याचा. 1972च्या सुमारास तिथे उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेत जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उतरलेली भिल्ल माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या चळवळीवर बाहेरच्या अभ्यासकांनी बरंच लिहिलं. मोर्चात मागच्या रांगेत चाललेल्या बायांना काय आठवतं, हे मात्र त्यांच्याच बोलीत नोंदवायला आता फार वेळ उरलेला नाही.

थिअरीचं प्रकरण घालावंच लागतं का?

घाला, पण ते पुढच्या प्रकरणांत कामाला आलं पाहिजे. दुसऱ्या प्रकरणात मार्क्स, वेबर, बोर्दिय यांचं दर्शन घडवायचं आणि तिसऱ्यापासून शेवटापर्यंत त्यांचं नाव काढायचं नाही, हा प्रकार परीक्षक पहिल्या चाळणीतच ओळखतात.

शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली की झालं ना?

नाही. प्रश्नावलीत काय विचारलं यावर सगळं अवलंबून आहे. केळी उत्पादकांवरच्या एका नमुना प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न बघा: ‘आपले मासिक उत्पन्न किती?’ रावेरच्या शेतकऱ्याला महिन्याचं उत्पन्न नसतं. बाग लावल्यापासून साधारण वर्षभर नुसता खर्च असतो, आणि कापणी लागली की पैसे एकदम येतात. तुम्ही आग्रह धरलात तर तो माणूस तुमचं मन राखायला एक आकडा सांगेल. तोच आकडा पुढे तुमच्या तक्त्यात जाईल, त्याचा पाय चार्ट होईल आणि त्यावरून निष्कर्षही निघेल.

त्याऐवजी शेवटच्या कापणीबद्दल विचारा. बाग नवतीची (नव्या लागवडीची) होती, पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेली) की कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली)? खोडं किती, घड किती निघाले? त्या दिवशी भाव कुठला धरला, रावेरचा की बऱ्हाणपूरचा, आणि तो तुम्हाला कुणी सांगितला? जाहीर झालेला भाव आणि व्यापाऱ्याने दिलेला भाव यात फरक किती पडला? दांड्याची म्हणून वजनात किती घट धरली? वजन कुठल्या काट्यावर झालं, तुम्ही समोर होतात का? पैसे हातात कधी पडले, रोख की खात्यावर? त्या पैशांतून आधी काय फेडलं?

असे दहा प्रश्न तीस शेतकऱ्यांना, चहा घेत, घाई न करता विचारले तर शंभर छापील प्रश्नावल्यांपेक्षा जास्त हाती लागतं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावाला किंमत आली. ती किंमत शेतकऱ्याच्या पट्टीवर (व्यापाऱ्याने दिलेल्या हिशोबाच्या कागदावर) दिसते का, हे या उत्तरांतूनच कळेल.

आणखी एक. गावाची लोकसंख्या, साक्षरता, घरांची संख्या हे आकडे अजून 2011चेच आहेत. 2021ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027ला जाहीर झाली आहे. मधल्या काळात गाव बदललं आहे, तेव्हा निवडलेल्या गावाची घरयादी स्वतः करा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याच फेरीत गाव तुम्हाला ओळखू लागतं.

गावात जायचं कधी?

याचा विचार फार कमी जण करतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, तिकडे चाळीसगावचे तांडे. दिवाळीनंतर इथल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी बारडोली-सुरतकडे, कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) त्याआधीच घेऊन झालेली असते. डिसेंबरात पाड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली लेकरं भेटतील, आणि स्थलांतरावरच्या तुमच्या अभ्यासात स्थलांतर करणारा एकही माणूस नसेल. होळीला सातपुड्यातली माणसं जमेल तशी घरी येतात. भेटायला हा काळ चांगला, पण नाचगाण्याच्या रात्री वही-पेन घेऊन कुणाच्या मागे लागू नका. नीट बसून बोलायचं तर आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पहिल्या पावसापर्यंत. पेरणी लागली की कुणालाच वेळ नसतो.

शक्य असेल तर टोळीबरोबर तळावरही जा. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात बारडोलीच्या ऊसमजुरांचा अभ्यास केला, त्यात खान्देशातून गेलेल्या टोळ्या ठळकपणे येतात. जळगावच्या विद्यार्थ्याने आपल्या शेजारच्या माणसाचा अभ्यास हॉलंडहून आलेल्याकडून वाचावा, यात कमीपणा काही नाही. पण तेवढ्यावरच थांबलो तर तो आपला आळस.

पाड्यावर लोक बोलत नाहीत. काय करावं?

का बोलावं त्यांनी? कागद घेऊन येणारा माणूस आजवर बहुधा वनखात्याचा, धरणाच्या सर्व्हेचा किंवा कुठल्या तरी योजनेचा असतो. सरदार सरोवरात मणिबेलीसारखी गावं बुडाली तेव्हाही आधी सर्व्हेच आले होते. तुम्ही कोण, कुणी पाठवलं, याने आमचं रेशन बंद होईल का, हे ते मनात धरून बसतात. पोलीस पाटील आणि पाड्याचे कारभारी यांना आधी भेटा आणि स्पष्ट सांगा की यातून घरकुल मिळणार नाही, नुकसानही होणार नाही. आधार क्रमांक मागू नका, त्याचं तुम्हाला काही काम नाही. वनहक्काच्या दाव्याचे कागद कुणी विश्वासाने दाखवले तर लगेच मोबाइलने फोटो काढू नका, आधी विचारा. कुपोषित मुलांचे फोटो प्रबंधात घालण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यात 2011च्या गणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत, पण बोली एक नाही. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याच्या बाजूला वसावी. दुभाषा नेमताना बाईंच्या मुलाखतीला बाईच दुभाषी घ्या. आणि तिला मानधन द्या. ‘मदत केली’ एवढं ऋणनिर्देशात छापून भागवू नका.

प्रबंध मराठीत लिहिला तर कमी समजतात का?

काही ठिकाणी समजतात, हे खरं. तरीही ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्याच भाषेत लिहा. अर्धवट इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधात विचारसुद्धा अर्धवटच उतरतो. मराठीतल्या प्रबंधाला मोठा सारांश इंग्रजीत जोडा आणि त्यातलं एक प्रकरण पुढे इंग्रजी लेख म्हणून काढा, म्हणजे बाहेरचे वाचकही मिळतील.

मुलाखतीतली अहिराणी प्रमाण मराठीत ‘सुधारून’ देऊ नका. ‘इतलं शिकीसन काय भेटी?’ असं कुणी विचारलं असेल तर तसंच छापा, खाली अर्थ द्या. इंग्रज अधिकारी ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने 1907च्या खंडात खान्देशी भिल्ली भाषांबरोबर ठेवली. ते वर्गीकरण बरोबर की चूक, यावर अजून वाद घालता येतो, पण त्यासाठी माणसं बोलतात तशी बोली छापलेली हवी.

जुनी कागदपत्रं पाहायला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं का?

जावं लागतं, पण सुरुवात धुळ्यापासून करा. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926ला धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. मोडी कागद, पोथ्या, जुनी नियतकालिकं तिथे आहेत. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देवांनी उभ्या केलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. संतसाहित्याचा विषय असलेल्याने तिथे न जाता प्रबंध लिहिणं म्हणजे अंगणातली विहीर सोडून टँकरची वाट पाहणं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अमळनेर आहे. प्रतापशेठांच्या पैशाने 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर निघालं. कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे काही काळ संचालक होते, जी. आर. मलकानी तर कित्येक वर्षं. कापसाच्या आणि गिरणीच्या गावात देशभरचे तरुण वेदान्तावर वाद घालायला का येत होते, शेठजींना त्यातून काय हवं होतं, हा प्रश्नच मुळात प्रबंधाचा आहे.

महसुलाचं काम असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाचं अभिलेख कक्ष. लेखी अर्ज, विद्यापीठाचं पत्र, गावांची यादी आणि वर्षं नेमकी लिहून न्या. ‘सगळं जुनं दाखवा’ म्हणालात तर काहीच दिसणार नाही. जुने फेरफार आणि हक्कनोंदी बाहेर आल्या तर एका गावाची जमीन कोणत्या आडनावातून कोणत्या आडनावात गेली हे लागोपाठ वाचता येतं. 1906 साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे त्याआधीचे कागद शोधताना आजच्या जळगावच्या गावांसाठीही धुळ्यात चौकशी करा. तेव्हा जिल्ह्याचं ठाणं धुळे होतं.

आणि मोडी शिका. दोन-तीन महिने रोज तासभर दिला तर छापील वळण वाचता येतं, हस्ताक्षरांना आणखी वेळ लागतो. 1880चं खान्देश गॅझेटिअर सगळे उद्धृत करतात, पण ते लिहिलं साहेबाने आणि साहेबासाठी. भिल्लांबद्दल त्यात जे आहे ते तर दहा वेळा तपासून घ्या.

खर्च कोण देणार?

जेआरएफ असेल तर प्रश्न मिटला. जानेवारी 2023पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. नसेल तर आपल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आणि एकुलत्या एका मुलीसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची फेलोशिप बघा. आयसीएसएसआर ही सामाजिक शास्त्रांची केंद्रीय परिषदही पीएच.डी.साठी फेलोशिप देते. राज्याच्या संस्थांचं वेळापत्रक धरून घरखर्च आखू नका, पैसे उशिरा येतात आणि त्यासाठी मुलांना उपोषणालाही बसावं लागलेलं आहे.

देश सगळ्या संशोधनावर मिळून जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, हा 2020-21चा आकडा. त्यात प्रयोगशाळा आधी येतात, आपण शेवटी. आपलं काम त्यातल्या त्यात स्वस्त आहे: एसटीचा पास, चांगला रेकॉर्डर, झेरॉक्स. रेकॉर्डरवर मात्र काटकसर नको.

गाईड कसा शोधायचा?

प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. जागा रिकामी आहे का हे आधी विचारा. मग त्यांच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) उघडून वाचा. दोन्ही एकाच साच्यातले निघाले तर तुमचाही तसाच निघेल.

पेपर किती छापावे लागतात?

2022च्या विनियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापण्याची सक्ती नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती वेगळी. ‘दोन दिवसांत छापून देतो, अडीच हजार पाठवा’ हा व्हॉट्सअॅप संदेश तुम्हालाही येईलच. यूजीसीने 2018च्या मे महिन्यात आपल्या यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली, 2019मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली, आणि 2025मध्ये तीही बंद केली. आता कुठे छापायचं हे तुम्ही आणि तुमच्या विद्यापीठाने ठरवायचं आहे. त्या नियतकालिकातले पाच लेख वाचा. स्वतः वाचावेसे वाटले नाहीत तर तिथे छापू नका.

उचलेगिरी किती टक्क्यांपर्यंत चालते?

प्रश्नच चुकीचा आहे, पण रोज येतो. 2018च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि 60च्या पुढे गेल्यास नोंदणी रद्द होते. सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी शब्द फिरवून लिहिलेला मजकूर जाणत्या परीक्षकाला पान उलटताच कळतो. एआयला मुलाखतीचा सारांश करायला दिलं तर तो पावरा आजीचं बोलणं गुळगुळीत प्रमाण मराठीत आणून ठेवतो, आणि तिने न सांगितलेलंही एखादं वाक्य त्यात घुसतं. मुलाखती स्वतःच्या कानाने ऐकून उतरवा.

झाल्यावर नोकरी लागेल?

सहायक प्राध्यापकासाठी जुलै 2023पासून नेट किंवा राज्याची सेट परीक्षा पुरेशी आहे, पीएच.डी. ऐच्छिक. तेव्हा फक्त नोकरीसाठी करत असाल तर आधी सेट काढा. डॉक्टर होऊन तासिका तत्त्वावर राबणारी माणसं तिन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि मेमध्ये तास नसले की मानधनही नसतं. घरच्यांना हे आधीच सांगा.

प्रबंध संपल्यावर रेकॉर्डिंग आणि भरलेल्या प्रश्नावल्यांचं काय करायचं?

सध्या त्या कपाटावर जातात आणि दोन दिवाळ्यांनी रद्दीत. प्रबंधातली मतं जुनी होतील, पण 2025 साली खान्देशातल्या कानबाईच्या सणाची गाणी कुणी, कोणत्या गावात, कशी म्हटली याची नोंद जुनी होत नाही. बहिणाबाई लिहीत नव्हत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतलं म्हणून 1952ला पुस्तक निघालं.

प्रत्येक फाइलला गाव, तालुका, तारीख, बोली आणि सांगणाऱ्याचं वय अशी नावं द्या. नाव उघड करायला परवानगी आहे की नाही तेही त्याच फाइलच्या नोंदीत लिहा. परवानगी असलेल्या मुलाखतींची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात पोच घेऊन द्या, एक स्वतःकडे ठेवा. गाणी आणि कहाण्यांची तिसरी प्रत ज्यांच्याकडून घेतल्या त्यांच्या घरी पेनड्राइव्हवर पोचती करा. त्यांच्याकडे मोबाइल असतो, ते ऐकतात.